‘-लेला’ आणि ‘-ऊन’ची वाक्ये : लिहिताना कुठे घसरतात आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करायची

‘चोरीला गेलेल्या मालकाची मोटारसायकल पोलिसांना सापडली.’

‘स्टेशनवर पोहोचून गाडी सुटली.’

‘सोबत जोडलेले कागदपत्रे तपासून घ्यावेत.’

ही तीन वाक्ये तीन वेगळ्या प्रकारे चुकली आहेत. पहिल्यात चोरीला मालक गेला आहे. दुसऱ्यात स्टेशनवर गाडीच पोहोचली आणि गाडीच सुटली, लिहिणाऱ्याला मात्र आपली गाडी चुकल्याचे सांगायचे होते. तिसऱ्यात लिंग चुकले आहे. सोसायटीच्या नोटिसा, शाळेची परिपत्रके, अर्ज, बातम्या, भाषांतरे यांत असली वाक्ये सर्रास दिसतात. बोलताना ती खपून जातात, कारण समोरच्याला संदर्भ ठाऊक असतो. नसला तर तो लगेच विचारतो. कागदाला विचारता येत नाही.

व्याकरणात या रूपांना धातुसाधिते म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. ‘-लेला’ हा नामाबद्दल काहीतरी सांगतो, म्हणजे विशेषणाचे काम करतो. ‘-ऊन’ आधी घडलेली कृती मुख्य क्रियापदाला जोडतो. चुका होतात त्या या दोघांना दुसऱ्याच कोणाला तरी जोडून दिल्यामुळे.

## तयारी

स्वतः लिहिलेला एखादा पानभर मजकूर समोर घ्या. दुसऱ्याच्या लेखनातल्या चुका चटकन दिसतात, स्वतःच्या दिसत नाहीत, म्हणून सराव स्वतःच्याच मजकुरावर करायचा. कागदावर असेल तर पेन्सिलीने तीन खुणा करा : ‘-लेला, -लेली, -लेले, -लेल्या’ असलेल्या शब्दांभोवती गोल, ‘-ऊन’ने संपणाऱ्या क्रियापदांखाली रेघ, आणि वाक्याच्या मुख्य क्रियापदाभोवती चौकोन.

संगणकावर असेल तर शोधखिडकीत नुसते ‘लेल’ टाका, सगळी रूपे सापडतील. (लेले आडनावाची मंडळीही सापडतील, त्यांना सोडून द्या.) ‘-ऊन’साठी ‘ऊन’ आणि ‘ून’ असे दोन्ही शोधा, आणि ‘म्हणून’, ‘पासून’, ‘कडून’, ‘मधून’, ‘वरून’ हे शब्द वगळा. ते इथे क्रियापद म्हणून आलेले नसतात.

इशारा : शुद्धलेखन आत्ता तपासू नका. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि वेळ घालवतात. ज्या वाक्याची वेलांटी तुम्ही दहा मिनिटे घासूनपुसून ठीक कराल, ते वाक्य पुढच्या पायरीत कदाचित उरणारच नाही. आधी अर्थ, मग रचना, मग लिंग-वचन, आणि अगदी शेवटी ऱ्हस्व-दीर्घ.

## पायरी 1 : वाक्य सुटे करा

प्रत्येक गोल आणि प्रत्येक रेघ म्हणजे एक लपलेले वाक्य. ते बाहेर काढून स्वतंत्र लिहा. उदाहरणार्थ :

‘प्रशासनाने गेल्या आठवड्यात सादर केलेला अहवाल वाचून सभापतींनी त्यात नसलेल्या खर्चाबद्दल विचारणा केली.’

सुटे केले की : प्रशासनाने गेल्या आठवड्यात अहवाल सादर केला. सभापतींनी तो वाचला. त्यात काही खर्च नव्हता. सभापतींनी त्याबद्दल विचारले. चार वाक्ये, आणि प्रत्येकात कोणी काय केले ते स्पष्ट आहे. हे वाक्य लांब असले तरी धड आहे. त्याला हात लावायची गरज नाही.

आता ही लिफ्टवर चिकटवलेली नोटीस बघा :

‘दुरुस्ती केलेल्या लिफ्टची तपासणी करून सुरू करण्यात येईल.’

लिफ्ट दुरुस्त केली. तिची तपासणी केली. मग… काय सुरू करण्यात येईल? लिफ्ट ‘लिफ्टची’मध्ये अडकून पडली आणि ‘सुरू करण्यात येईल’ला काही उरलेच नाही. नोटिसांमध्ये ही चूक मला सर्वांत जास्त दिसते. वाक्य अर्ध्यावर आल्यावर लिहिणारा सुरुवात विसरतो आणि शेवट वेगळ्याच वाक्याचा लावतो. दुरुस्ती सोपी आहे : ‘दुरुस्त केलेली लिफ्ट तपासणीनंतर सुरू करण्यात येईल.’

तपासा : सुट्या वाक्यांपैकी एखाद्यात ‘कोणी?’ किंवा ‘काय?’ याचे उत्तर मूळ मजकुरात सापडत नाही का? मग चूक तिथेच आहे. पुढे जाण्याआधी ते उत्तर लिहून ठेवा.

## पायरी 2 : ‘-ऊन’चा कर्ता जुळवा

नियम एकच आहे. ‘-ऊन’ची कृती आणि मुख्य क्रियापदाची कृती एकाच कर्त्याची हवी. ‘ती घरी जाऊन जेवली’ : गेली तीच, जेवलीही तीच. ‘घरी जाऊन लाइट गेली’ : इथे घरी लाइटच गेली असा अर्थ होतो.

कर्ता वेगळा असेल तर ‘-ऊन’ काढा आणि नाते कसले आहे ते बघून दुसरा प्रत्यय लावा. एकामागून एक घडले तर ‘-ल्यावर’ : ‘घरी गेल्यावर लाइट गेली.’ लगेच घडले तर ‘-ताच’ : ‘स्टेशनवर पोहोचताच गाडी सुटली.’ एकामुळे दुसरे घडले तर ‘-ल्यामुळे’. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर ‘-ताना’ : ‘मी जेवताना फोन आला.’ या रूपांना कर्ता एकच असण्याची सक्ती नाही.

नियम इथे संपला असता तर बरे झाले असते, पण मराठीत खालची वाक्येही बिनचूक आहेत :

‘हे ऐकून मला वाईट वाटले.’ व्याकरणदृष्ट्या ‘मला’ कर्ता नाही, पण ऐकणारा आणि वाईट वाटून घेणारा माणूस एकच आहे. तेवढे पुरते.

‘पाऊस पडून रस्ते उखडले.’ पडला पाऊस, उखडले रस्ते. पहिली गोष्ट दुसरीचे सरळ कारण असेल तर ‘-ऊन’ चालतो.

‘त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली.’ मधे किती काळ गेला ते सांगण्याची ही ठरलेली रचना आहे.

अडचण येते ती कर्ता न सांगणाऱ्या सरकारी वळणाच्या वाक्यांत. ही जोडी शेजारी शेजारी ठेवून वाचा :

‘अर्ज तपासून परत पाठवला जाईल.’
‘अर्ज भरून परत पाठवला जाईल.’

पहिले बरोबर आहे. तपासणारे आणि पाठवणारे कार्यालय एकच, फक्त त्याचे नाव घेतलेले नाही. दुसरे चुकले, कारण भरणार अर्जदार आणि पाठवणार कार्यालय. (कार्यालयच अर्ज भरून देत असेल तर गोष्ट वेगळी.) ‘पाठवला जाईल’, ‘करण्यात येईल’ असे क्रियापद आले की न सांगितलेला कर्ता मनात उभा करायचा आणि ‘-ऊन’ची कृतीही त्याचीच आहे ना ते बघायचे.

एकापुढे एक ‘-ऊन’ येत असतील तर त्यांचा क्रम घडण्याच्या क्रमाने हवा. ‘वांगे भाजून, सोलून, ठेचून घ्या’ यातले शब्द हलवले तर भरीत होणार नाही.

नकार देताना ‘न सांगून’ असे रूप होत नाही. ‘न सांगता’, ‘सही न करता’, ‘अर्ज न भरता’ असेच लिहायचे. ‘-लेला’चा नकार मात्र सरळ ‘न’ने होतो : ‘न भरलेला अर्ज’. ‘नाही भरलेला अर्ज’ हे बोलण्यापुरतेच ठेवा.

तपासा : प्रत्येक रेघेखाली कर्त्याचे नाव लिहा, चौकोनाखालीही लिहा. नावे वेगळी निघाली आणि वर दिलेल्या अपवादांत वाक्य बसत नसेल, तर ‘-ऊन’ जायलाच हवा.

## पायरी 3 : ‘-लेल्या’ त्याच्या नामाला चिकटवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

‘फुटलेला कप’, ‘फुटलेली बशी’, ‘फुटलेले भांडे’ ही तिन्ही रूपे वेगळी आहेत. विशेषण कोणाचे हे शेवटच्या अक्षरावरून कळते. पण नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की काय होते बघा : फुटलेल्या कपाचा, फुटलेल्या बशीचा, फुटलेल्या भांड्याचा. लिंग गेले, वचनही गेले, सगळीकडे ‘-लेल्या’. ओळीत पुढे दोन-तीन नामे असली तर विशेषण त्यांतल्या कोणाचे हे रूपावरून कळायला मार्गच राहत नाही. उरतो फक्त शब्दांचा क्रम, आणि वाचणारा ‘-लेल्या’ लगेच पुढच्या नामाला जोडून मोकळा होतो.

म्हणून ‘चोरीला गेलेल्या मालकाची मोटारसायकल’ वाचताना मालक चोरीला जातो. ‘फाटलेल्या आईच्या साडीची गोधडी’ यातही तोच घोटाळा. आणि ‘12 जुलै 1961 रोजी फुटलेल्या पानशेतच्या धरणाचे पाणी पुण्यात शिरले’ या वाक्यात आधी पानशेत गाव फुटते, मग वाचणारा अडखळून मागे येतो.

उपाय : ‘-चा, -ची, -चे, -च्या’वाला शब्द आधी, ‘-लेल्या’ नंतर, आणि त्याला लागून त्याचे नाम.

मालकाची चोरीला गेलेली मोटारसायकल.
आईच्या फाटलेल्या साडीची गोधडी.
पानशेतच्या फुटलेल्या धरणाचे पाणी. (तारीख आता ‘फुटलेल्या’च्या आधी ठेवा : ‘पानशेतच्या, 12 जुलै 1961 रोजी फुटलेल्या धरणाचे पाणी’. हे जड वाटते? वाटायलाच हवे. ‘पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले आणि पाणी पुण्यात शिरले’ असे दोन क्रियापदांत सांगून टाका.)

‘हरवलेल्या मुलाच्या वडिलांनी तक्रार दिली’ यात मात्र काही हलवायचे नाही. हरवला मुलगाच आहे आणि ‘हरवलेल्या’ त्यालाच लागून आहे. नियम पाठ झाला की लोक बरोबर वाक्येही उलटी करायला लागतात, म्हणून सांगितले.

### जिथे जागा बदलून भागत नाही

‘बदली झालेल्या मुख्याध्यापकांच्या पत्नीने शाळेला पुस्तके दिली.’ क्रमाप्रमाणे बदली मुख्याध्यापकांची झाली. समजा ती पत्नीची झाली आहे. नियम लावून लिहिले तर होते ‘मुख्याध्यापकांच्या बदली झालेल्या पत्नीने’, आणि गावभर वेगळीच चर्चा सुरू होते. अशा ठिकाणी ‘-लेल्या’चा नादच सोडा : ‘मुख्याध्यापकांच्या पत्नीची नुकतीच बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी शाळेला पुस्तके दिली.’

नामांची यादी असेल तर दुसरा प्रश्न येतो. ‘नवीन बांधलेली शाळा, दवाखाना आणि वाचनालय’ : नवीन फक्त शाळा, की तिन्ही? रूप शाळेशी जुळते, त्यामुळे बाकीची दोन लोंबकळत राहतात. तिन्ही नवीन असतील तर ‘शाळा, दवाखाना आणि वाचनालय या नव्याने बांधलेल्या इमारती’. फक्त शाळा नवीन असेल तर तिला यादीत शेवटी टाका : ‘दवाखाना, वाचनालय आणि नवीन बांधलेली शाळा’.

काही नाती ‘-लेला’ला पेलतच नाहीत. ‘मी वाचलेले पुस्तक’, ‘मी राहिलेले घर’ हे ठीक आहे. पण ‘मी भांडलेला माणूस’ किंवा ‘मी पैसे घेतलेला माणूस’ म्हटले की कोणाशी भांडलो, कोणाकडून की कोणासाठी पैसे घेतले, हे वाऱ्यावर. मूळ वाक्यात ‘-शी’, ‘-कडून’, ‘-साठी’, ‘-पेक्षा’ असेल तर ‘जो-तो’ वापरा : ‘ज्याच्याशी मी भांडलो तो माणूस’, ‘ज्याच्याकडून पैसे घेतले तो माणूस’. हल्ली ‘जो-तो’ लांबलचक म्हणून टाळतात. पण इथे दोन शब्द जास्त गेले तरी अर्थ हाती लागतो.

तपासा : प्रत्येक गोलापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढा. बाण दुसऱ्या नामावरून उडी मारून जात असेल तर क्रम बदला.

## पायरी 4 : कर्ता आणि काळ यांची जागा

‘आयुक्तांनी सादर केलेला आराखडा फेटाळला.’

सादर आयुक्तांनी केला की फेटाळला आयुक्तांनी? ‘आयुक्तांनी’ हा एकच शब्द दोन क्रियापदांच्या वाट्याला येतो. लिहिणाऱ्याला माहीत असते म्हणून त्याला हा गोंधळ दिसत नाही. दोन्ही कर्ते लिहा आणि प्रत्येकाला आपापल्या क्रियापदाजवळ बसवा : ‘प्रशासनाने सादर केलेला आराखडा आयुक्तांनी फेटाळला.’ पहिला कर्ता सांगायचा नसेल तर निदान दुसरा हलवा : ‘सादर झालेला आराखडा आयुक्तांनी फेटाळला.’

काळाच्या शब्दांचेही तसेच. ‘काल मंजूर झालेल्या ठरावावर चर्चा झाली’ यात काल काय झाले, मंजुरी की चर्चा? चर्चा असेल तर ‘मंजूर झालेल्या ठरावावर काल चर्चा झाली’. ‘16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोहोचली’ असे लिहिले तर तारीख सुटण्याला चिकटते. गाडी त्याच दिवशी पोहोचली असल्यामुळे इथे बिघडत नाही. दोन दिवस लागणाऱ्या गाडीबद्दल असते तर बिघडले असते.

आता ‘-ने’. सकर्मक क्रियापदाच्या ‘-लेला’आधी येणाऱ्या कर्त्याला ‘-ने’ किंवा ‘-नी’ हवाच. ‘मंडळ आयोजित केलेल्या शिबिरात’, ‘शासन जाहीर केलेली योजना’ असे फ्लेक्सवर दिसते, ते ‘मंडळाने आयोजित केलेल्या’, ‘शासनाने जाहीर केलेली’ असे पाहिजे. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना प्रत्यय दिसत नाही : ‘मी लिहिलेले पत्र’. विसरणे, शिकणे, पिणे अशी मोजकी क्रियापदे कर्म असूनही ‘-ने’ घेत नाहीत : ‘सुमन छत्री विसरली’, म्हणून ‘सुमन विसरलेली छत्री’. सर्वनाम घेतले की मात्र पंचाईत होते. ‘ती विसरलेली छत्री’ म्हणजे ती बाई छत्री विसरली, की ‘ती’ छत्री? नाव लिहा, प्रश्न मिटला.

‘केलेला’ आणि ‘झालेला’ यांतली निवडही इथेच करा. ‘रद्द केलेली गाडी’ म्हटले की कोणीतरी ती रद्द केली. ‘रद्द झालेली गाडी’ आपली आपण रद्द होते. कार्यालयांना दुसरे रूप फार आवडते, ते का हे सांगायला नको. तुम्हाला जबाबदारी दाखवायची असेल तर ‘केलेली’ लिहा आणि कर्ताही लिहा.

## पायरी 5 : साखळी तोडा

एका वाक्यात ‘-लेला’ची दोन रूपे चालतात. तिसरे आले की थांबून बघा. खालच्या नोटिशीत सहा आहेत :

‘गेल्या महिन्यात झालेल्या सभेत मंजूर करण्यात आलेल्या ठरावानुसार नेमण्यात आलेल्या कंत्राटदाराने गच्चीवर केलेल्या कामात राहिलेल्या त्रुटींबाबत सदस्यांनी दिलेल्या तक्रारींची दखल घेऊन सदर कंत्राटदारास नोटीस बजावण्यात आली आहे.’

व्याकरणाची चूक एकही नाही. तरी जिन्यात उभा राहून वाचणारा माणूस शेवटपर्यंत पोहोचत नाही.

अ) चौकोनातले क्रियापद उचला आणि त्याचे छोटे वाक्य करून सर्वांत आधी ठेवा : कंत्राटदाराला नोटीस दिली आहे. बातमी एवढीच आहे, बाकी सगळे तिचे कारण.

आ) जे ‘-लेल्या’ साध्या प्रत्ययाने जातात ते घालवा. ‘गेल्या महिन्यात झालेल्या सभेत’ म्हणजे ‘गेल्या महिन्यातील सभेत’. ‘गच्चीवर केलेल्या कामात’ म्हणजे ‘गच्चीच्या कामात’. सभा होणारच आणि काम केलेच जाणार, ‘झालेल्या’ आणि ‘केलेल्या’ने नवे काही कळत नाही.

इ) उरलेल्यांपैकी ज्यात नवी माहिती आहे त्याला स्वतःचे क्रियापद द्या. तक्रारी आल्या ही माहिती नवी आहे, म्हणून ‘सदस्यांनी तक्रारी केल्या’.

ई) पुन्हा जोडा :

‘गच्चीचे काम करणाऱ्या कंत्राटदाराला नोटीस दिली आहे. गेल्या महिन्यातील सभेच्या ठरावानुसार त्याची नेमणूक झाली होती. कामात राहिलेल्या त्रुटींबद्दल सदस्यांनी तक्रारी केल्या, म्हणून ही कारवाई.’

एक ‘-लेल्या’ उरला आणि तो राहू द्या. सगळे काढून टाकायचे या हट्टाने लिहिलेला मजकूर पहिलीच्या पुस्तकासारखा तुटक होतो.

इशारा : ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘नमूद केलेल्या’ हे शब्द साखळी तोडल्यावर बहुतेक वेळा आपोआप निरुपयोगी होतात. एकदा काढून वाचा. अर्थ तसाच राहिला तर परत घालू नका.

## पायरी 6 : इंग्रजीची छाया पुसा

इंग्रजीतून भाषांतर करत असाल तर ही पायरी चुकवू नका. नसाल तरी एकदा नजर टाका, कारण इंग्रजी वाचून-वाचून हे वळण आपल्याही हाताला लागते.

इंग्रजीत असे विशेषण स्वल्पविराम देऊन नामाच्या मागे टाकता येते. मराठीत ‘हा पूल, ब्रिटिशांनी बांधलेला, आता धोकादायक आहे’ हे भाषांतर म्हणून लगेच ओळखू येते. ‘ब्रिटिशांनी बांधलेला हा पूल आता धोकादायक आहे’ असेच हवे. ‘-लेला’ आणि त्याचे नाम यांच्यामध्ये स्वल्पविरामही नको : ‘बँकेने दिलेल्या, कर्जाची’ नव्हे, ‘बँकेने दिलेल्या कर्जाची’.

‘महापालिकेद्वारे केले गेलेले काम’ हेही तिकडूनच आले. मराठीत कर्त्याला ‘-ने’ आहे, ‘महापालिकेने केलेले काम’. तसेच ‘-ण्यात आलेला’ : ‘जप्त करण्यात आलेला माल’ आणि ‘जप्त केलेला माल’ यांत अर्थाचा फरक नाही, फक्त लांबीचा आहे.

## पायरी 7 : लिंग-वचन

रचना पक्की झाली, आता रूपे. पुल्लिंगी ‘-लेला’, अनेकवचनी ‘-लेले’. स्त्रीलिंगी ‘-लेली’, अनेकवचनी ‘-लेल्या’. नपुंसकलिंगी ‘-लेले’, अनेकवचनी ‘-लेली’. जागा सहा आणि रूपे चारच, त्यामुळे गोंधळ होतो, आणि तो बहुतेक वेळा नपुंसकलिंगी अनेकवचनात होतो. ‘जोडलेले कागदपत्रे’, ‘थकलेले बिले’, ‘राहिलेले कामे’ हे सगळे चूक. शेवटी दोन्हीकडे एकार येतो म्हणून कानाला जुळल्यासारखे वाटते, एवढेच.

यावर एक खात्रीची कसोटी आहे. नामाआधी तो-ती-ते-त्या लावून बघा. ‘ते कागदपत्रे’ म्हणता का? नाही, ‘ती कागदपत्रे’ म्हणता. मग ‘ती’ला ‘-लेली’. तो : लेला. ती : लेली. ते : लेले. त्या : लेल्या. ‘ते अर्ज’, म्हणून ‘भरलेले अर्ज’. ‘ती बिले’, म्हणून ‘थकलेली बिले’. ‘त्या बिलांची’, म्हणून ‘थकलेल्या बिलांची’.

आदरार्थी अनेकवचन विसरू नका. ‘निवृत्त झालेले शिक्षक’ लिहिणारे लोकही ‘निवड झालेली अध्यक्षा’ लिहून जातात. बाईंबद्दल आदराने लिहायचे तर ‘निवड झालेल्या अध्यक्षा’.

विशेषणाबरोबर वाक्याचे क्रियापदही बदलते. सुरुवातीचे तिसरे वाक्य पुरते दुरुस्त केले तर ‘सोबत जोडलेली कागदपत्रे तपासून घ्यावीत’. ‘घ्यावेत’ तसेच ठेवले तर अर्धीच दुरुस्ती होते.

## पायरी 8 : शुद्धलेखन

इथे थोडेच बघायचे आहे.

‘-ऊन’ की ‘-वून’? क्रियापदाचा ‘-णे’ काढा. उरलेल्या धातूच्या शेवटी ‘व’ असेल तर ‘वून’ : ठेवणे, ठेव, ठेवून. जेवून, लावून, धावून, पाठवून, मिळवून. ‘व’ नसेल तर ‘ऊन’ : घेणे, घे, घेऊन. जाऊन, येऊन, देऊन, होऊन, खाऊन. ‘घेवून’, ‘जावून’, ‘येवून’ ही रूपे पाट्यांवर कितीही दिसली तरी चूकच.

‘लिहिलेला’, ‘पाहिलेला’, ‘राहिलेला’, ‘सांगितलेला’ यांतले सगळे इकार ऱ्हस्व. ‘लिहलेला’, ‘लिहीलेला’, ‘सांगलेला’ लिहू नका. ‘म्हणलेले’ ऐवजी ‘म्हटलेले’. ‘पाठवलेला’ आणि ‘पाठविलेला’ दोन्ही चालतात, पण एका मजकुरात एकच ठेवा.

‘-लेले’ की ‘-लेलं’? मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे बोलीतला अनुस्वारयुक्त उच्चार पात्राच्या तोंडच्या मजकुरात किंवा तशाच अपवादात्मक जागी लिहिता येतो, एरवी ‘-ले’. ललित लेखनात लोक मोकळेपणाने ‘-लं’ वापरतात. अर्ज, नोटीस, अहवाल यांत ‘-ले’ ठेवा, आणि काही झाले तरी एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत.

‘मी तुम्हाला सांगितलेलं’ असे नुसत्या ‘-लेलं’वर वाक्य तोडणे ही बोलण्याची लकब आहे. लिहिताना ‘सांगितले होते’. ‘अर्ज केलेला आहे’ आणि ‘अर्ज केला आहे’ यांत दुसरे बहुतेक वेळा पुरते.

शब्दयोगी अव्यय जोडून लिहा : ‘आलेल्या अर्जां पैकी’ नव्हे, ‘आलेल्या अर्जांपैकी’.

## पायरी 9 : दुसऱ्याला वाचायला द्या

मजकूर मोठ्याने वाचा, पण त्यावर फार विसंबू नका. स्वतःचे वाक्य वाचताना सूर आपोआप योग्य जागी पडतो आणि चूक झाकली जाते. विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी कागद द्या आणि ‘कळले का?’ असे विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येते. त्याऐवजी नेमके विचारा : आराखडा कोणी सादर केला? चर्चा कधी झाली? बदली कोणाची झाली? उत्तरासाठी त्याला वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागले तर ते वाक्य घेऊन परत पायरी 3 वर या.